शिक्षकाला संगणक किती यावा?

सन्माननीय अध्यक्ष आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

आजच्या विषयात ‘किती’ हा शब्द आहे आणि माझा सारा आग्रह त्या एका शब्दाविषयी आहे. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाली, आणि आज या सभागृहातल्या बहुतेकांच्या कपाटात तिचे प्रमाणपत्र असेल. त्या अभ्यासक्रमाने माझी यंत्राची भीती घालवली, हे मी कृतज्ञतेने सांगते. परंतु कोणते बटण कुठे आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि यंत्र तसे का वागते हे उमगणे वेगळे, हे मला एका सहामाही परीक्षेत कळले.

मी तेव्हा परळला मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवत असे. सातवीची प्रश्नपत्रिका रात्री जागून घरच्या संगणकावर टंकित केली आणि पेन ड्राइव्ह घेऊन शाळा भरण्यापूर्वी झेरॉक्सच्या दुकानात गेले. फाइल उघडली, तर ‘पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा’ याच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांग. दुकानदार म्हणाला, “बाई, फाइल करप्ट झालीय.” मी ते मान्य केले, धावत शाळेत आले आणि सगळे प्रश्न फळ्यावर लिहिले. ज्याला लांबचे नीट दिसत नसे असा एक मुलगा फळ्यापाशी जमिनीवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन पेपर लिहीत होता. ते मला अजून सलते, कारण फाइल बिघडलेली नव्हतीच.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. आपल्या जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही, ते त्या क्रमांकांची रोमन अक्षरेच दाखवणार. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठी केलेल्या सामाईक क्रमांक-पद्धतीत मात्र 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक 2325, आणि तो फॉन्ट बदलला तरी बदलत नाही. हे समजायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे मला एकाही प्रशिक्षणात मिळाली नाहीत, याची माझी तक्रार आहे.

पाचच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे आणि वर्गातल्या वापराचा मुद्दा तर अजून राहिलाच आहे. 2006 साली पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी असे मांडले, की विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान एकमेकांत मिसळल्याखेरीज उपयोगी पडत नाही. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. उपग्रहाचा नकाशा पडद्यावर लहान-मोठा करायला कुणीही शिकेल, पण हाजी अलीपाशी थांबून, “समुद्राचे पाणी अडवणारा वेलार्डचा बांध नव्हता तेव्हा भरतीचे पाणी आत कुठवर येत असेल?” हे विचारायचे सुचते ते भूगोल पचलेल्या शिक्षकाला. मग परळची मुले आपणहून हिंदमाताच्या सखल रस्त्यापर्यंत येतात, कारण पावसाळ्यात त्या पाण्यातून ती चाललेली असतात.

तेव्हा किती, तर स्वतःची प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये लिहिता येईल. गुणांच्या तक्त्यातले सूत्र कळेल आणि एका विद्यार्थ्याची बेरीज हाताने करून ते पडताळता येईल. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागची चित्रफीत आधी स्वतः पाहून ती कुठे थांबवायची हे ठरवता येईल. आणि मुलांचे आधार क्रमांक व्हॉट्सॲपच्या गटावर का टाकू नयेत, हे सहकाऱ्याला समजावता येईल, इतके. भूगोलाच्या शिक्षकाला प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही.

युनिकोडमध्ये मराठी लिहिण्याच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाचे तक्ते मी सोबत आणले आहेत. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे, आपण आपापल्या विषयाचा एक-एक प्रश्न आत्ताच टंकित करून पाहू.