पिसांआधी धागा

नमस्कार मंडळी.

फ्लाय बांधायला शिकायचं ठरवलं की माणूस आधी पिसांच्या मागे लागतो. मोराचं पीस हवं, फेझंटची शेपटी हवी, अमुक रंगाचं हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं लांबट पीस, हवं. सामानाची पेटी भरते, हाताला वळण मात्र लागत नाही. म्हणून आज मी उलट टोकाकडून सुरुवात करणार आहे. फ्लाय उभी असते ती धाग्यावर. धागा हातात बसला की कोंबडीच्या साध्या पिसाचीही मासा तोंडात घेईल अशी फ्लाय होते. नाही बसला, तर कितीही भारी पिसं आणा, चार फेकींत सुटून लोंबायला लागतात.

ज्यांनी फ्लाय कधी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गळावर पिसं, लोकर, केस, तार असलं काही धाग्याने बांधून केलेलं हे आमिष. कधी ते पाण्यावर तरंगणाऱ्या किड्यासारखं दिसतं, कधी तळाशी वळवळणाऱ्या अळीसारखं, तर कधी चिमुकल्या माशासारखं. त्याला स्वतःचं वजन नसल्यातच जमा, त्यामुळे ते लांब जातं ते मागच्या जाड दोरीच्या वजनावर.

ही कला जुनी आहे आणि मुळात साधीच होती. इसवी सन २०० च्या आसपास लिहिणाऱ्या ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासे धरणाऱ्यांची रीत नोंदवून ठेवली आहे. गळाला तांबडी लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्यापाशी उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं तिला जोडायची. संपली कृती! पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन माशासाठी ज्या फ्लाय बांधायला लागले त्यांत दूरदेशीच्या रंगीत पक्ष्यांची पिसं आली, आणि तो शौक कुठवर जाऊ शकतो ते २००९ साली दिसलं. इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, ती या असल्या फ्लाय बांधणाऱ्यांना पिसं विकता यावीत म्हणून. सॅमनला त्या पिसांचं काही कौतुक असेल असं मला तरी वाटत नाही. आपल्याला कोंबडी आणि टर्की पुरे. कुठल्या पक्ष्याचं पीस जवळ ठेवता येतं याचे प्रत्येक देशाचे कायदे आहेत, ते मात्र आधी पाहून घ्या.

हत्यारं चारच लागतात. गळ घट्ट धरणारा व्हाइस, धाग्याचं रीळ धरणारी बॉबिन, बारीक टोकाची कात्री आणि शेवटची गाठ मारायला व्हिप फिनिशर. कात्रीची टोकं जपा. तार कापायची ती पात्यांच्या मुळाशी, टोकांनी कधीच नाही. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, नंबर असो वा नसो.

गळाचे नंबर नवख्याला गोंधळात टाकतात, कारण नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. सोळा नंबर हा आठ नंबरापेक्षा बराच छोटा. सुरुवात आठ किंवा दहाने, लांब दांडीच्या गळावर करा. सोळा नंबरावर बसणाऱ्याची जिद्द मला आवडते, पण त्याचा वेळ फुकट जातो. व्हाइसमध्ये लावण्याआधी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून घ्या. मासा सोडणं सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात गळ गेलाच तर निघतो. हे आधीच करायचं, कारण दाबताना एखादा गळ मोडतो. मोडायचाच असेल तर रिकामा मोडलेला बरा.

आता धागा. आज घरी गेल्यावर पिसाला हात न लावता एवढंच करा. १४० डेनिअरचा (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचं माप) धागा बॉबिनमध्ये घाला, गळावर बसवा, आणि बॉबिन खाली ओढत राहा, धागा तुटेपर्यंत. मुद्दाम तोडा. दोन-चार वेळा तोडला की तो किती ओढ सोसतो ते हाताला कळतं. नवशिक्यांचे वेढे सैल पडतात ते धागा तुटेल या भीतीने. मर्यादा कळली की त्या मर्यादेच्या जरा अलीकडे राहून काम करता येतं.

धागा बसवायची पद्धत अशी. गळाच्या नेढ्यामागे धाग्याचं टोक दांडीवर आडवं धरायचं आणि पाच-सहा वेढे त्याच टोकावरून मागे घ्यायचे. वेढे वरून, स्वतःपासून पलीकडे जाणारे. टोक अडकलं की कापून टाका. उजव्या हाताने असे वेढे घेताना धाग्याला आपोआप पीळ पडत जातो आणि तो गोल, टणक होतो. असा धागा एकावर एक बसून उंचवटे तयार करतो. बॉबिन मोकळी लोंबू द्या आणि वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. पीळ सुटतो, धागा फितीसारखा सपाट पडतो. सपाट धाग्याने अंग गुळगुळीत होतं. पीस चावून धरायचं असेल तिथे थोडा पीळ राहिला तरी चालेल.

दुसरी अडचण सगळ्यांनाच येते. शेपटीचं पीस दांडीच्या बरोबर वर धरलं, धागा आवळला, की पीस घसरून पलीकडच्या बाजूला. धागा ज्या दिशेने जातो तिकडे तो पिसाला ओढणारच. यावर उपाय म्हणजे चिमटीतला वेढा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पीस आणि दांडी दोन्ही एकत्र चिमटीत धरा. धागा त्याच चिमटीतून वर न्या, सैल फास ठेवून पलीकडे उतरवा, आणि मग सरळ खाली ओढा. चिमूट सोडायची नाही. आतल्या आत फास बंद होतो, पीस जागचं हलत नाही. असे दोन वेढे झाले की तिसरा साध्या हाताने घट्ट घ्या. तीन पुरतात. माणसं बारा-बारा वेढे घेतात, आणि त्या बारा सैल वेढ्यांपेक्षा हे तीन जास्त धरतात.

एवढं जमलं की पहिली फ्लाय वुली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ च्या सुमारास ती बांधली, डॉब्सनफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीची नक्कल म्हणून. पण पाण्यात ती जळवेसारखीही दिसते, लहान माशासारखीही, आणि म्हणूनच ती कुठेही चालते. सामान मोजकंच. शेपटीला माराबू, अंगाला शेनील, म्हणजे लव असलेला जाड दोरा, वरून एक लांब मऊ हॅकल आणि बारीक तार. माराबू एके काळी त्याच नावाच्या करकोच्याचं असे, आता टर्कीची मऊ पिसं वापरतात. काळा किंवा ऑलिव्ह, दोन्हींतला एक रंग निवडा.

धागा दांडीभर मागे नेऊन वाकणापाशी थांबा. माराबूचं पीस ओल्या बोटांनी दाबून घ्या, नाहीतर ते सगळीकडे उडतं. शेपटी दांडीएवढीच लांब. याहून लांब केली तर पाण्यात तीच गळाला गुंडाळते, आणि मासा शेपटीचं टोक चावून निघून जातो. पिसाचा उरलेला देठाकडचा भाग कापून टाकू नका, दांडीवरच आडवा बांधत पुढे आणा. अंग एकसारख्या जाडीचं होतं. मग शेपटीच्या बुडाशी तार बांधा. हॅकल टोकाकडून बांधा. शेनीलच्या टोकाची लव नखाने खरवडून आतला दोरा मोकळा करा आणि त्या दोऱ्यानेच बांधा, म्हणजे तिथे गाठोडं होत नाही.

धागा पुढे न्या, आणि इथे थांबा. नेढ्यामागे निदान दोन नेढ्यांएवढी जागा रिकामी ठेवा. वर्गात मी ज्या फ्लाय पाहतो त्यांतल्या बहुतेक इथेच बिघडतात. शेनील थेट नेढ्यापर्यंत येतं, मग हॅकलला जागा नाही, गाठीला जागा नाही, आणि शेवटी नेढं धाग्याने बुजतं. ते नदीकाठी, थंड बोटांनी, दोर ओवताना कळतं. शक्यतो टेबलावरच कळलेलं बरं.

शेनील वेढत पुढे आणून बांधा. हॅकल त्यावरून मोकळ्या वेढ्यांनी, चार-पाच पुरेत. मग तार, पण उलट दिशेने. हॅकल जिकडून गेलं त्याच्या विरुद्ध गेल्यामुळे तार पिसाच्या देठाला प्रत्येक वेढ्यात ओलांडते आणि माशाच्या दातांपासून त्याला वाचवते. तार ओढताना हात नुसता गोल फिरवू नका, जरा डावी-उजवीकडे हलवत न्या. हॅकलचे तंतू तारेखाली न दबता बाजूला सरकतात. शेवटी व्हिप फिनिशची गाठ, चार-पाच वेढ्यांची, आणि वार्निशचा एक थेंब. वार्निश नेढ्यात गेलं तर वाळायच्या आत एखादं टाकाऊ पीस त्यातून आरपार ओढून घ्या.

इतक्या साध्या फ्लायला मासा का फसतो, असं पुष्कळ जण विचारतात. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, एवढ्यावर आपली निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय, बांधली. धागाच वापरला नाही, तारेनेच बांधली आणि तारेनेच वजन दिलं. तिला पायही लावले नाहीत, कारण त्या जातीच्या अळ्या पोहताना पाय अंगाशी घेतात हे त्यांनी पाण्यात पाहिलं होतं. ती आजही जगभर चालते. आकार, जाडी, खोली आणि हालचाल बरोबर असली की बाकीचं माशाला लागत नाही. आणि मी आत्ता धाग्याचं एवढं पुराण लावलं, त्यात सॉयरांचा अपवाद बसत नाही असं कुणी म्हणेल. त्यांची तारेवरची पकड बघितलीत तर बसतो.

पहिली फ्लाय झाली की लगेच दुसरा नमुना घेऊ नका. तीच पुन्हा, त्याच नंबराच्या गळावर, त्याच रंगात. सगळ्या ओळीने मांडून ठेवा आणि शेपटीची लांबी, डोक्याची जाडी एकमेकींशी ताडून पाहा. एखादी फारच बिघडली तर पात्याने धागा कापून सगळं उतरवा, गळ पुन्हा वापरा. बरी वाटली तर ग्लासभर पाण्यात बुडवून बघा. माराबू कोरडं असताना झुबकेदार दिसतं, ओलं झालं की चिपकून अगदी बारीक होतं, आणि माशाला दिसणार ते हेच. शेपटी केसाएवढीच उरली तर पुढच्या वेळी पीस थोडं जास्त घ्या.

ग्लासातून काढलेली फ्लाय मात्र तशीच डबीत टाकू नका. रात्रभर उघडी वाळू द्या. ओल्या फ्लायवर डबी बंद केली की गळ गंजतो, आणि शेजारच्या कोरड्या फ्लायसुद्धा त्या ओलीने खराब होतात.