तीन बोटं, 350 किलोमीटर

[नागपूर. शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. सकाळची ओपीडी.]

केस पेपरच्या रांगेत अर्धा विदर्भ भेटतो. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली. मधूनच शिवनी-बालाघाटकडची हिंदी कानावर पडते. नुसती दाढ दुखते म्हणून इतक्या लांबून कुणी येत नाही. दाढ तालुक्याला निघते. इथे येतात ते 'नागपूरला दाखवा' अशी चिठ्ठी घेऊन.

[खुर्चीत पंचविशीचा तरुण. चेहरा दिसत नाही.]

डॉक्टर सांगतात, "तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला."

निरोगी माणसाची सहज जातात. याचं दुसरं बोट दातांवर अडतं. गाल आतून पांढुरका पडलाय, चाचपला तर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. वरण जरा तिखट झालं तरी तोंडाची आग होते. आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस, आणि त्याचं मूळ कारण सुपारी. तंबाखूवर सगळेच बोलतात. सुपारीला आपण पूजेत मान दिलाय, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलंय. केरळमध्ये एर्नाकुलमला अशा रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा शंभरातल्या सात-आठ जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला.

[पानठेला. प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटणारे हात.]

राज्यात गुटखाबंदी आली 2012 मध्ये. पण खर्ऱ्याला ना कारखाना लागतो ना छापील पाकीट. सुपारी, तंबाखू, चुना आणि घोटायला एक पन्नी, झालं. शाळकरी पोरंही खातात, आणि तोंड आक्रसतंय हे लक्षात येईपर्यंत काही वर्षं निघून गेलेली असतात.

[पुन्हा ओपीडी.]

उपचार आहेत. गालात इंजेक्शनं देतात, आठवड्यातून एकदा-दोनदा, अशी कित्येक आठवडे. तोंड फारच मिटलं असेल तर शस्त्रक्रिया: पट्टे कापायचे आणि त्या जागी गालातली चरबी किंवा नाकाशेजारची कातडी वळवून लावायची. त्यानंतरचा व्यायाम मात्र रुग्णाच्याच हाती. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी दातांत धरायची आणि दर थोड्या दिवसांनी तीत एक काडी वाढवायची. दुखतं म्हणून हा व्यायाम सुटला, तर नवी कातडीही आवळते आणि केलेलं ऑपरेशन वाया जातं.

खासगी दवाखान्यापुढे इथला खर्च किरकोळ. पण तो केस पेपरवरचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून नागपूर जवळजवळ 350 किलोमीटर. एक दिवस यायला, एक जायला, मधला रांगेत. सोबत कुणीतरी घरचं. दोघांची मजुरी बुडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं, मग हातात तारीख असून काय उपयोग? चार इंजेक्शनांनंतर न आलेल्या रुग्णाला 'बेजबाबदार' म्हणणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही.

चंद्रपूर, गोंदिया आणि आता गडचिरोलीलाही सरकारी मेडिकल कॉलेज झालं. सरकारी डेंटल कॉलेज मात्र विदर्भाला एकच, हे नागपूरचं. राज्य सरकारची जुनी बाकीची दोन मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरला. मुंबईत महापालिकेचं नायर डेंटलही आहे, 1933 पासूनचं. खासगी कॉलेजं कितीतरी, पण ती काढताना भामरागडचा विचार कोण करणार?

नवं कॉलेज उभं राहायला वर्षं जातील. त्याआधी करता येण्यासारखं बरंच आहे. तोंड किती मिलिमीटर उघडतं हे मोजायला एक पट्टी पुरते. ते काम ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याचं, आणि शाळेत आरोग्य तपासणीला जाणाऱ्या पथकाचंही. गालातली इंजेक्शनं प्रशिक्षण दिलं तर जिल्हा रुग्णालयात देता येतील. ऑपरेशननंतर काड्यांची गड्डी वाढतेय की नाही हे फोनवरच्या फोटोतही कळतं. त्यासाठी तालुक्याला दंतवैद्याचं पद भरलेलं हवं, खुर्ची चालू हवी आणि नागपूरहून फोन उचलणारं कुणीतरी हवं. निदान शस्त्रक्रियेच्या रुग्णाची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट एकाच मुक्कामात उरकली, तरी दोन खेपा वाचतील.

तोवर नागपूरला निघणाऱ्यांसाठी एवढंच: आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे सगळे कागद सोबत घ्या, मुक्कामाच्या तयारीने निघा. आणि डॉक्टरांनी खर्ऱ्याबद्दल विचारलं तर दिवसाला किती पुड्या ते खरं सांगा. उपचार ठरवताना तेही लागतं.