तिळगुळाची वाट बघणारं गाव

हे ट्रॉम्सो. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, आर्क्टिक सर्कलच्याही साधारण साडेतीनशे किलोमीटर वर. 27 नोव्हेंबरच्या सुमारास इथला सूर्य जो गायब होतो तो डायरेक्ट जानेवारीच्या मध्यात तोंड दाखवतो, मधे उगवतच नाही.

इथले लोक याला मोर्केटीड म्हणतात, अंधाराचे दिवस. तसा काळाकुट्ट अंधार चोवीस तास नसतो हां, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड येतो, आपल्याकडे पहाटे दूधवाला बेल वाजवतो ना तेव्हाचा असतो तसा, आणि आता उजाडेल आता उजाडेल म्हणेपर्यंत परत रात्र.

थंडी मात्र लोकांना वाटते तेवढी नाही. अटलांटिकचं कोमट पाणी इथवर येतं, त्यामुळे बंदर गोठत नाही, जानेवारीतही सरासरी उणे चारच्या आसपास. खरी कटकट वेगळीच, बर्फ वितळतो, पाऊस पडतो, परत गोठतो, रस्त्याची नुसती काच होते. म्हणून इथे सगळे बुटांना खालून खिळेवाले रबरी पट्टे लावतात, ब्रोड्डर. पहिल्या वर्षी मी हसलो होतो, मग बसस्टॉपवर सणसणीत आपटलो आणि त्याच संध्याकाळी जाऊन दोन जोड आणले.

आणि मग 15 जानेवारी. म्हणजे आपली संक्रांतच की! सूर्य क्षितिजावर येतो पण दक्षिणेला डोंगर आडवे, म्हणून गावात तो 21 तारखेला आला असं धरतात. त्या दिवशी बेकरीत सोलबोल्ले मिळतात, सूर्याचे पाव म्हणा, तळलेले, आत जॅम. लोक दक्षिणेकडे तोंड करून उभे, ढग असले तरी उभे. मी डब्यात तिळगूळ नेतो, ऑफिसातले आवडीने खातात, दाताला लागतो म्हणून कुरकुरतातही. पुण्यात असताना उत्तरायण हा कॅलेंडरवरचा शब्द होता, आणि खरं उत्तरायण तर डिसेंबरातच सुरू होतं, पण ते अंगाला कळलं इथे.

आई म्हणायची संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. इथे तीळ कसला, लाडवालाडवाने वाढतो. मार्चच्या विसाव्याला बारा तासांचा दिवस, तरी बर्फ काही हलत नाही, 1997 मध्ये तर 29 एप्रिलला 240 सेंटीमीटर साचला होता, तो इथला रेकॉर्ड. वसंत वगैरे मला तरी दिसत नाही, बर्फ, चिखल आणि एकदम हिरवं.

20 मेपासून मग सूर्य मावळायचंच विसरतो, जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. रात्री साडेबाराला खाली पोरं फुटबॉल खेळतायत, आणि मी स्टुलावर चढून खिडकीला काळा कागद चिकटवतोय.