केंदाळातली मरळ

श्रोतेहो, नमस्कार.

परवा खानापूरकडच्या एका गावतळ्यावर गेलो होतो. पाणी कुठंच दिसेना. नुसतं हिरवंगार केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आणि त्यावर जांभळे तुरे. ही दक्षिण अमेरिकेची पाहुणी, शोभेची म्हणून आणलेली. सांडपाण्यावर पोसते आणि पंधरवड्यात दुप्पट होते. आपले कन्नड शेजारी हिला अंतरगंगे म्हणतात. नाव एवढं देखणं आणि करणी ही!

केंदाळ म्हणजे तळ्यावरचं झाकण. थंड मुलखात तळ्यावर बर्फ धरतो, तिथले लोक त्याला भोक पाडून गळ सोडतात. आपल्याकडे ते काम विळा करतो. पण बर्फाखालच्या गार पाण्यात प्राणवायू टिकतो, आणि गारठलेल्या माशाला तो लागतोही थोडाच. आपलं पाणी कोमट, वर सावली, खाली कुजकी पानं. रोहू, कटला तिथं गुदमरतात. टिकते ती मरळ. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची पोकळी असते. नीट ऐका, मरळ हवा गिळायला वर येते. जाळ्यात पाण्याखाली अडकली तर हा मासा चक्क बुडून मरतो!

(आणि खाण्यात म्हणाल तर काटे कमी, मांस घट्ट. तरी आमच्या बेळगावकरांना हॉटेलात बांगडाच हवा. असो.)

तर माझा मामा. आदल्या संध्याकाळी बांबूला विळा बांधून तो केंदाळात सुपाएवढी खिडकी पाडायचा. सकाळी काठावर उकिडवा बसायचा, तंगूस बोटावर, गळाला बेडूक. मी तोंड उघडलं की म्हणायचा, "गप गा, कान दे." मग खिडकीत आवाज यायचा, चुप्. मरळीनं हवा गिळली. त्या दिवशी तिसऱ्या 'चुप्'ला तंगूस ताणली आणि हातभर मरळ काठावर आली.

पण वार होता सोमवार! मामीनं दारातच अडवलं, "आज घरात मासा चिरायचा नाही." मग मरळ घंगाळात, वर सूप, सुपावर वरवंटा.

सकाळी सूप एकीकडे, वरवंटा दुसरीकडे, घंगाळात नुसतं पाणी. आजीनं सरळ मांजराला धरलं. लाटणं फेकलं, ते मांजराला न लागता माठाला लागलं. माठ गेला. मामा म्हणाला, "अगं, मांजरानं खाल्ली तर काटे कुठायत?" आजी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तणतणत परसात गेली, अळू कापायला. तिथूनच ओरडली, "साप! साप!"

मामा काठी घेऊन धावला, मागून मी. मोरीचं पाणी जिथं अळवात मुरतं, तिथल्या चिखलात आमची मरळ पडलेली. तोंड अगदी सापाचंच, अंगभर राड, आणि कल्ले हलताहेत! घंगाळातून मोरी, मोरीतून अळू. रात्रभर ओल्या चिखलात पडून वरची हवा गिळत राहिली होती. मामानं तिला उचलली, धुतली आणि मामीकडं बघून म्हणाला, "आज मंगळवार."

दुपारी कालवण झालं. आजीनं पानात घेतलं नाही, पण मरळीचं डोकं वाटीत घालून मांजराला शोधत गल्लीभर फिरली.

वेळ संपत आली वाटतं, काच वाजवताहेत. दोन गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला तर गळ टाकू नका, खाली मरळ राखणीला असते. ती धरलीत तर पिलं इतर माशांच्या पोटात जातात. आणि केंदाळावर पाय ठेवू नका. पुन्हा सांगतो, पाय ठेवू नका. वरून कुरण दिसतं, खाली दोन पुरुष पाणी असतं. नमस्कार.