जुगारी, सट्टेबाज, गुंतवणूकदार: कुणाला काय म्हणायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

पैसा लावून कुणी जिंकलं की आपण त्याला धाडसी म्हणतो, हरलं की जुगारी. निकाल पाहून नाव ठेवायची ही सवय महागात पडते. जोखीम आली कुठून आणि ती झेलतंय कोण, हे विचारलं की योग्य शब्द सापडतो.

जुगारी आधी घेऊ. इथे जोखीम आधीपासून कुठेच नसते, डाव मांडल्यावर ती तयार होते. संस्कृतात जुगाऱ्याला कितव म्हणत, आणि धूर्तही. अमरकोशात हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत. मराठीत आलेल्या धूर्ताचा जुगार सुटला, लबाडी तेवढी राहिली. पण डावाचा हिशेब धूर्तालाही चकवतो. कॅसिनोतल्या रूलेट या खेळात चाक फिरवून आकडा काढतात; एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर नफा मिळतो ३५ पट. त्यामुळे लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २.७० जातात. दोन शून्यं असली, तर ५.२६. हरलं की डाव दुप्पट करायचा, ही युक्ती पुष्कळांना बिनतोड वाटते. दहापासून सुरुवात करा. सलग सात डाव हरलात की १,२७० गेलेले असतात. आठवा डाव १,२८० चा, आणि तो जिंकलात तरी एकूण फायदा दहाच! शिवाय टेबलावर डावाची कमाल मर्यादा असते, त्यामुळे पुष्कळदा आठवा डाव लावताच येत नाही.

बुकीला सरसकट जुगारी म्हणतात, ते मला पटत नाही. समजा, दोन तुल्यबळ बाजूंना त्याने १.९० चा भाव दिला, म्हणजे जिंकल्यास एकाचे मुद्दलासकट १.९०, आणि दोन्हींवर शंभर-शंभर लागले. जमा झाले २००, जिंकणाऱ्याला द्यायचे १९०. कुणीही जिंको, दहा त्याचेच. तेच सगळे २०० एका बाजूवर लागले आणि ती जिंकली, तर ३८० द्यावे लागतात, म्हणजे १८० पदरचे जातात. म्हणून एका बाजूवर पैसा वाढू लागला की तो तिचा भाव उतरवतो आणि दुसरीचा चढवतो. पैसा असा तोलला नाही, तर मात्र तोही जुगारीच.

सट्टेबाज किंवा सटोडिया हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण कापूस पिकवणाऱ्याच्या डोक्यावर भाव पडण्याची जोखीम असतेच, ती कुणी खेळासाठी तयार केलेली नसते. तो पुढच्या महिन्यांचा भाव आजच बांधून घेतो, तेव्हा त्याला हेजर म्हणतात. त्याच्यावरची जोखीम बऱ्याचदा सट्टेबाजच नफ्याच्या आशेने उचलतो. भाव चढेल म्हणणारा तेजीवाला, पडेल म्हणणारा मंदीवाला. दोघांची जोखीम सारखी नाही. शंभराला घेतलेला शेअर शून्यावर आला तरी तोटा शंभरच. पण हातात नसलेला शेअर उसना घेऊन शंभराला विकला आणि भाव ३०० झाला, तर परत करायला तो तीनशेलाच घ्यावा लागतो, म्हणजे तोटा २०० चा, आणि भाव किती चढेल याला वरून मर्यादा नाही.

सगळ्यात जास्त फसवा शब्द म्हणजे गुंतवणूकदार. स्वतःच्या पैशाने माल घेऊन वर्षानुवर्षं धरून ठेवणाऱ्याला तो शोभतो. मार्जिनवर, म्हणजे थोडेच पैसे भरून मोठ्या रकमेचे सौदे करणारेही स्वतःला गुंतवणूकदारच म्हणवतात, तिथे गफलत होते. २०,००० भरून एक लाखाचा माल घेतला आणि भाव फक्त ८ टक्के उतरला, तर ८,००० गेले, म्हणजे स्वतःच्या पैशातले ४० टक्के. मग ब्रोकरकडून मार्जिन कॉल येतो: इतके पैसे इतक्या वेळात भरा. ते भरले नाहीत, तर ब्रोकर माल विकून टाकतो. दुसऱ्या दिवशी भाव सावरलाही, तरी तोवर सौदा हातातून गेलेला असतो.