मुरुमं आणि मेडिकलमधली ती ट्यूब

पुढच्या रांगांत आई-वडील, मागच्या रांगांत मुलं-मुली. दोघांना एकदमच सांगता येईल, ते बरं झालं. कारण माझ्या दवाखान्यात येतात तेव्हा आई म्हणते, "बाहेरचं खाते, पाणी पीत नाही, म्हणून मुरुमं येतात." मुलगी गप्प असते, आणि तिच्या पर्समध्ये मैत्रिणीने सांगितलेली एक ट्यूब असते. आज बोलायचंय ते त्या ट्यूबबद्दल. पण आधी मुरुमं होतात कशी ते पटकन सांगते.

केसांच्या मुळांशी तेलग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हणून ओळखली जाणारी, हॉर्मोन्स वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्यातच छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी गळून न पडता चिकटून बसतात आणि तेल आत तुंबतं. एरवीही त्वचेवर नांदणारे जिवाणू तिथे फोफावतात, सूज येते. तोंड उघडं असेल तर ब्लॅकहेड, बंद असेल तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, तेव्हा स्क्रबने नाक खरवडणाऱ्यांनी नाकाला आता सुट्टी द्यावी. सूज वाढली की लाल पुटकुळी, मग पू, आणि खोलवर गेली तर हाताला लागणारी दुखरी गाठ. गाठी असतील तर घरी प्रयोग करत बसू नका. खड्डे पडण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त.

पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने मुरुमं असं एकत्र दिसलं तर पीसीओएसची, म्हणजे हॉर्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या आजाराची, तपासणी करून घ्या. कपाळाच्या वरच्या कडेला बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याला लावायच्या तेलाकडे बघा. आपल्या पुण्यातल्या मुली दुचाकीवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात. जरूर बांधा, पण घामट स्कार्फ आठवडाभर तोच, वर हेल्मेटचा पट्टा घासतोय, असं झालं की मुरुमं बळावतात. सुती घ्या, रोज धुवा. खाण्यात म्हणाल तर गोड आणि मैद्याचे पदार्थ, काहींच्या बाबतीत दूध, जिमवाल्यांची व्हे प्रोटीन पावडर यांचा संबंध दिसतो. मिसळीच्या तर्रीविरुद्ध मात्र ठोस पुरावा नाही, हे पुणेकरांना सांगताना मला विशेष आनंद होतो.

आता ट्यूब. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने मध्यंतरी खिशातून काढून दाखवली. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत टोपणापर्यंत आणलेली, नावावरची शाई बोटांनी पुसून गेलेली. "काय आहे यात?" विचारलं तर म्हणाला, "मॅडम, क्रीम आहे." बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला लाली जाते, चेहरा उजळतो. म्हणून तर एक दुसऱ्याला सांगतो. मग एकाच साच्यातल्या दिसाव्यात अशा पुटकुळ्या उठतात, गालांवर रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, त्वचा पातळ होते. लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन भाजतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरी काउंटरवर "पिंपलसाठी काहीतरी द्या" म्हणा आणि काय हातात येतं ते बघा! बरेच महिने लावत असाल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

सौम्य मुरुमांना साधी औषधं पुरतात. अडापलीन ०.१ टक्का हे लावायचं औषध रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर. नुसत्या पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही, कारण पुढची मुरुमं न दिसणाऱ्या छिद्रांत आधीच तयार होत असतात. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, याने उशीच्या अभ्र्यांचा आणि टॉवेलचा रंग उडतो, आईला आधीच सांगून ठेवा. कातडी कोरडी पडली तर एक दिवसाआड लावा, मॉइश्चरायझर वापरा. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. दिवाळीनंतर लग्न असेल तर गणपतीतच सुरुवात करा; दसऱ्याला येऊन "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणू नका.

अँटिबायोटिक मलम एकटं लावू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. अँटिबायोटिक गोळ्याही साधारण तीन-चार महिन्यांच्या पुढे नकोत. हट्टी गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन हे गोळ्यांचं औषध फार गुणकारी आहे, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतं. या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत. लग्न ठरलं असेल, झालं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना जरा बाहेर बसायला सांगायचं काम आमचं. अडापलीनही गरोदरपणात टाळतात.

राहता राहिले डाग. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर ते महिनोन्‌महिने रेंगाळतात, उन्हाने गडद होतात. सनस्क्रीन लावा, फोडाफोडी करू नका. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचून करायचा उपचार), लेझर आहे, पण नवीन मुरुमं यायची थांबल्यावरच. चेहऱ्यावर पू असताना कुणी पॅकेज विकू लागलं तर पैसे खिशातच ठेवा.