हातानं आणलेला सूर्य: स्कायलॅबवरच्या दुर्बिणींची गोष्ट

(पडद्यावर: सहारावरून उडणारं काँकॉर्ड, छताच्या झरोक्यातून दिसणारा झाकलेला सूर्य)

30 जून 1973. आफ्रिकेवरून चंद्राची सावली धावते आहे आणि तिच्यासोबत एक विमान. काँकॉर्डच्या या पहिल्या नमुन्याच्या छताला मुद्दाम झरोके पाडले आहेत, त्यांच्याखाली उपकरणं मांडली आहेत. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला या ग्रहणात खग्रास स्थिती मिळणार होती जेमतेम सात मिनिटं. ध्वनीच्या दुप्पट वेगानं सावली गाठून विमानातल्या शास्त्रज्ञांनी ती 74 मिनिटांपर्यंत ताणली.

एवढा आटापिटा कशासाठी? सूर्याचा करोना बघण्यासाठी. करोना म्हणजे सूर्याभोवतीचं पांढुरकं प्रभामंडल. तापमान दहा लाख अंशांच्या वर, पण उजेड सूर्यबिंबाच्या दहा लाखांश. बिंब झाकल्याशिवाय तो दिसत नाही. आणि पृथ्वीवर ते झाकायचं काम चंद्र करतो, तेही त्याच्या सवडीनं.

त्याच दिवशी जमिनीपासून सुमारे 435 किलोमीटरवर अमेरिकेचं पहिलं अंतराळस्थानक फिरत होतं, स्कायलॅब. आत कुणी नव्हतं. पहिली तुकडी आठवड्यापूर्वी परतली होती, दुसरी महिन्याभरानं यायची होती. या स्थानकावर एक दुर्बीण अशी होती, की तिच्यात ग्रहण हवं तेव्हा लावता येत होतं.

(पडद्यावर: नासाचं हंट्सव्हिल इथलं मार्शल केंद्र, जुळणीच्या अवस्थेतला दुर्बीणमंच)

तिचा मुक्काम होता अपोलो टेलिस्कोप माउंट या मंचावर. नाव अपोलोचं, कारण ही सगळी कल्पनाच चंद्रमोहिमांसाठी बनलेल्या सामानाचा पुढे काय उपयोग करायचा या विचारातून निघाली. एका आराखड्यात तर चांद्रयानाच्या वरच्या भागालाच दुर्बिणी जोडायच्या होत्या. तो बेत बदलला, दुर्बिणी राहिल्या. सॅटर्न रॉकेटं घडवणाऱ्या मार्शल केंद्रानं हा मंच स्वतःच्या कारखान्यात बांधला. वजन सुमारे 11 टन. मधल्या नळकांड्यात सूर्याकडे तोंड करून बसवलेली सहा मुख्य उपकरणं, शिवाय हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य बघणाऱ्या दोन दुर्बिणी.

हे सगळं वर न्यायची गरज होती का? होती. तप्त करोना स्वतःबद्दल जे सांगतो, ते मुख्यतः क्ष-किरणांत आणि अतिनील प्रकाशात. आपलं वातावरण ते दोन्ही अडवतं. ते अडवतं म्हणून आपण आहोत हे खरं, पण सौरशास्त्रज्ञाच्या दृष्टीनं ती भिंतच. अग्निबाणांनी त्या भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं होतं, पण एका उड्डाणात पाचेक मिनिटं. इथे महिनोन्‌महिने बघायची सोय होत होती.

(पडद्यावर: 14 मे 1973, सॅटर्न-5 चं उड्डाण)

पण सोय व्हायच्या आधीच घात झाला. उड्डाणानंतर 63 सेकंदांनी स्थानकाचं संरक्षक कवच उखडलं. जाताना ते एक मोठा सौरपंख घेऊन गेलं, आणि कवचाचाच एक तुकडा अडकल्यानं दुसरा पंख उघडेना. स्थानक आतून 50 अंशांवर तापलं. मग स्थानक जिवंत कसं राहिलं? दुर्बीणमंचाचे स्वतःचे चार सौरपंख होते, फुलीच्या आकारात उलगडणारे. ते व्यवस्थित उघडले आणि त्यांच्या विजेवर सगळा गाडा चालला. म्हणजे जे दुर्बिणींसाठी होतं, त्यावर स्थानकच तगलं. 25 मे रोजी पीट कॉनराड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ वर गेले. त्यांनी कवचाच्या जागी छत्री उघडून सावली केली, आणि 7 जूनला कॉनराड व कर्विन यांनी बाहेर जाऊन अडकलेला पंख मोकळा केला.

आता त्या दुर्बिणींकडे वळू. सगळ्यांची ओळख करून देत नाही, दोघींची पुरे.

पहिली करोनाग्राफ. बोल्डरच्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीची. तिच्या तोंडाशी चकत्या बसवलेल्या, त्यांनी सूर्यबिंब झाकायचं. ही युक्ती फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी 1930 च्या सुमाराला डोंगरावर करून दाखवली होती, पण जमिनीवर आकाशाचा स्वतःचाच उजेड आड येतो. अंतराळात आकाश काळं असतं. स्कायलॅबनं करोना जितका वेळ पाहिला, तितका माणसानं तोवरच्या सगळ्या ग्रहणांत मिळूनही पाहिला नव्हता.

दुसरी क्ष-किरण दुर्बीण. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परत फिरत नाहीत, आरशातच जिरतात. मग त्यांना वळवायचं कसं? तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड अगदी तिरपा भिरकावला की तो बुडत नाही, टप्पे घेत पुढे जातो. तसंच इथे. आरसे नळीच्या आकाराचे, एकात एक बसवलेले, आणि किरण त्यांच्या आतल्या भिंतीला निसटते घासून पुढे केंद्रित होणारे. मॅसॅच्युसेट्समधल्या रिकार्डो जाकोनी यांच्या गटात ही दुर्बीण तयार झाली आणि ज्युसेप्पे वायाना यांनी तिचं काम पुढे नेलं. जाकोनींना 2002 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते क्ष-किरण खगोलशास्त्रासाठी.

(पडद्यावर: नियंत्रण फलक, बटणांच्या रांगा, दोन लहान पडदे)

आणि या दुर्बिणींपुढे माणूस बसलेला असे, ही या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाब. दर 93 मिनिटांनी पृथ्वीभोवती एक फेरी. त्यातला तासभर सूर्य समोर. तेवढ्यात छोट्या पडद्यावर सूर्य न्याहाळायचा, काय चाललंय ते ठरवायचं, दुर्बीण नेमकी वळवायची, कॅमेरे सोडायचे. खाली ह्यूस्टनमध्ये शास्त्रज्ञ रोज बसून दुसऱ्या दिवशीचा बेत आखत, तो वर कळवला जाई. पण सूर्य काही बेत वाचून वागत नाही.

त्यातून बहुतेक उपकरणं फिल्मवर चित्रं घेत. हार्वर्डचं अतिनील उपकरण तेवढं मोजमाप रेडिओवरून खाली पाठवी. बाकीच्यांची फिल्म भरली की कुणीतरी अंतराळपोशाख चढवायचा, बाहेर जायचं, मंचाच्या टोकापर्यंत पोचायचं आणि जुना कॅमेरा काढून नवा बसवायचा. पेट्या ने-आण करायला लांब होणारी दांडी होती. ती बिघडली तर? कपडे वाळत घालायची असते तशी दोरी राखीव ठेवली होती!

बाहेर गेलंच आहे तर दुरुस्त्याही उरकायच्या. 19 जूनला कॉनराड फिल्म आणायला गेले, तेव्हा दुर्बीणमंचाची एक बॅटरी चार्ज होत नव्हती. खालून सूचना आली, अमुक ठिकाणी हातोडी मारा. कॉनराड यांनी मारली आणि बॅटरी चालू झाली. अब्जावधी डॉलरच्या प्रकल्पाला लागू पडलेला हा इलाज आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये मान्य होईल. पुढे क्ष-किरण दुर्बिणीचं गाळणीचं चाक, म्हणजे किरणांपुढे वेगवेगळ्या गाळण्या आणणारं चाक, मध्येच अडकलं. 1973 च्या नाताळच्या दिवशी तिसऱ्या तुकडीतले जेराल्ड कार आणि विल्यम पोग बाहेर होते. कार यांनी दुर्बिणीच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून ते चाक सरकवलं.

(पडद्यावर: क्ष-किरणांतला सूर्य, मधोमध काळा पट्टा)

आता हा फोटो बघा. क्ष-किरणांत सूर्याचं बिंब गोल आणि एकसारखं दिसत नाही. सगळीकडे कमानी. चुंबकीय क्षेत्राच्या रेषांत अडकलेला तप्त वायू. करोना म्हणजे सूर्याभोवती सारखं पसरलेलं आवरण, ही समजूत या फोटोंनी मोडीत काढली. आणि मधला हा काळा भाग? हा कोरोनल होल, म्हणजे करोनातली मोकळी जागा. इथल्या चुंबकीय रेषा परत सूर्याकडे वळत नाहीत, अवकाशात मोकळ्या सुटतात. 1973 च्या उन्हाळ्यातल्या अशा एका लांबलचक पट्ट्याला शास्त्रज्ञांनी ‘इटलीचा बूट’ असं नाव दिलं होतं.

याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल. पृथ्वीवर काही चुंबकीय वादळं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळी, साधारण 27 दिवसांच्या अंतरानं पुन्हा येतात, आणि पृथ्वीवरून बघताना सूर्यही तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती फिरलेला दिसतो. म्हणजे उगम सूर्यावर, हे उघड होतं. पण नेमक्या त्या जागी बघावं तर डाग नाही, काही नाही. 1930 च्या दशकात ज्यूलियस बार्टेल्स यांनी या अदृश्य जागांना ‘एम प्रदेश’ म्हटलं आणि कोडं तसंच राहिलं. स्कायलॅबच्या काळात ते सुटलं. वेगवान सौरवारा, म्हणजे सूर्यातून बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, याच काळ्या जागांतून निघतो. साध्या प्रकाशात तिथे वेगळं काहीच दिसत नाही, मग सापडणार कसं?

करोनाग्राफनंही एक हिशेब बदलला. सूर्यातून वायूचे अजस्र लोट सुटताना 1971 साली एका मानवरहित उपग्रहानं टिपले होते. स्कायलॅबला ते वारंवार दिसले, आणि त्यांतले पुष्कळ सौरज्वालांपेक्षा (सूर्यावरच्या अचानक भडक्यांपेक्षा) उसळून तुटणाऱ्या प्रॉमिनन्सशी, म्हणजे सूर्याच्या कडेवर उभ्या राहणाऱ्या वायूच्या कमानींशी, जोडलेले निघाले. 19 डिसेंबर 1973 चा हा प्रॉमिनन्स बघा, हेलियमच्या अतिनील प्रकाशातला. लांबी पाच लाख 88 हजार किलोमीटर. या कमानीखाली पृथ्वी शोधू नका, ठिपक्याएवढीच असेल.

(पडद्यावर: नियंत्रण फलकापुढे एडवर्ड गिब्सन)

तिसऱ्या तुकडीतले एडवर्ड गिब्सन सौरशास्त्राचे जाणकार, सूर्यावर पाठ्यपुस्तक लिहिलेले. त्यांना एक गोष्ट हवी होती: सौरज्वालेचा अगदी आरंभ. अडचण अशी, की ज्वाला दिसली म्हणून कॅमेरे सुरू करावेत तर आरंभ निघून गेलेला असतो. आधीपासून सुरू ठेवावेत तर फिल्म संपते, आणि दुकान काही जवळ नाही. 21 जानेवारी 1974 रोजी ते एका अस्वस्थ प्रदेशावर नजर ठेवून बसले. तिथली चमक वाढायला लागल्यावर, ज्वाला पेटायच्या आधीच, त्यांनी कॅमेरे सोडले. ज्वालेचा जन्म अंतराळातून प्रथमच नोंदला गेला. त्याच मोहिमेत स्थानक स्थिर ठेवणाऱ्या तीन मोठ्या जायरोस्कोपांपैकी एक नोव्हेंबरातच बंद पडला होता आणि दुसरा कुरकुरत होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

3 फेब्रुवारीला कार आणि गिब्सन यांनी शेवटची फिल्म आत आणली. 8 फेब्रुवारीला ती त्यांच्याबरोबर प्रशांत महासागरात उतरली. त्यानंतर स्कायलॅबवर कुणी गेलं नाही.

(पडद्यावर: 1979 ची कक्षेची नोंद दाखवणारा नकाशा)

आपल्याकडे स्कायलॅब आठवते ती पुढच्या कारणानं. जुलै 1979 मध्ये ती पडणार, कुठे पडणार ते नक्की नाही, म्हणून देशभर घबराट होती, पोलिसांना सज्ज राहायला सांगितलं होतं. 11 जुलैला ती हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर कोसळली. खरं तर 1980 च्या दशकापर्यंत ती वर टिकेल असा अंदाज होता. तो चुकवला सूर्यानंच. नव्या सौरचक्रात, म्हणजे सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराच्या नव्या फेरीत, तो अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, वरचं विरळ वातावरण फुगलं आणि स्थानकावरचं घर्षण वाढलं.

दुर्बिणी तिच्याबरोबर गेल्या. चित्रं मात्र, लाखाहून अधिक, साडेपाच वर्षं आधीच माणसांच्या हातून खाली आली होती.